दहावं नाव

सगुणाबाईचं आणि माझं पहिलं भांडण मिठावरून झालं. उंबरमाळच्या शाळेवर रुजू होऊन मला तीनच दिवस झाले होते. पोरांच्या आधी बाईंनी खिचडी चाखायची असा नियम आहे, म्हणून मी चमचाभर तोंडात टाकली आणि मीठ जास्त झालंय असं सांगितलं. चुलीपुढून न उठता ती म्हणाली, "पोरं वरच्या आळीतनं पळत येत्यात, घामाघूम हुत्यात. त्यास्नी बराबर लागतंय. तुमी गाडीवरनं येता, म्हनून तुमास्नी जास्त लागतंय."

मी भोर शहरात वाढलेली, डी.एड. झालेली. स्वयंपाकाच्या बाईने मला असं तोंडावर बोलावं याचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी मी गाडी खाली मार्गासनीत लावली आणि सगळा चढ पायी चढून आले, केवळ तिला खोटं पाडायला. खिचडी बरोबर लागली. तिने मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून मी कधी मिठाचा विषय काढला नाही.

उंबरमाळ म्हणजे वीस-बावीस घरं, त्यातली निम्मी कुलपं लावलेली. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच येतं. मार्गासनीवरून वर चार किलोमीटर कच्चा रस्ता, मधे एक ओढा. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीचा खालच्या जगाशी संबंध सुटतो. एवढ्यासाठीच पंचवीसेक वर्षांपूर्वी, वस्तीशाळा निघाल्या त्या काळात, इथे शाळा आली. शाळा आली म्हणजे फक्त कागद आला. बसायला जागा नव्हती. सगुणाबाईने आपला शेळ्यांचा गोठा रिकामा करून दिला. शेळ्या घरात घेतल्या आणि घरातली माणसं पावसाळाभर पडवीत झोपली. नवरा तणतणला, तर म्हणाली, "शेळ्या कुटंबी वाडत्यात." हे मला वाडीतल्या कोंडिबांनी सांगितलं. ती स्वतः असलं काही सांगत बसणारी नव्हे.

पुढे पक्की खोली झाली. पोषण आहार सुरू झाला तेव्हा रांधायला तीच उभी राहिली. स्वतः एक दिवस शाळेत गेलेली नाही. पण स्वयंपाकघराची खिडकी वर्गातच उघडते, आणि इतकी वर्षं त्या खिडकीतून पहिलीचा वर्ग तिच्या कानांवर पडत होता. एकदा मी फळ्यावर घाईत शब्द लिहीत होते, तर आतून आवाज आला, "बाई, वेलांटी ऱ्हायली." पोरं खो खो हसली. मी तिच्यावर डोळे वटारले आणि वेलांटी दिली.

तिचा मुलगा हनुमंत गोठ्यातल्या त्या पहिल्या वर्गातला. आता पुण्यात टेम्पो चालवतो, बायको आणि धाकट्या मुलासोबत एका खोलीत राहतो. थोरली मुलगी शेफाली मात्र आजीजवळ. पुण्यात हवा मानवत नाही पोरीला, असं सगुणाबाई सांगायची. ते खोटं होतं. पोरगी चांगली टणक होती. खरं कारण पट हे होतं.

पट म्हणजे शाळेच्या हजेरीत किती नावं आहेत तो आकडा. आमच्या शाळेत पहिली ते चौथीची मिळून अकरा होती. दहाच्या खाली आली की शाळा बंद करून मुलं खालच्या शाळेत पाठवायची, असं तालुक्याच्या कचेरीत आम्हाला तोंडी सांगून ठेवलेलं होतं. त्याला समायोजन म्हणतात. फार सभ्य शब्द आहे. सगुणाबाईला तो नीट म्हणता यायचा नाही, पण वाडीत कुणाचं बाळंतपण झालं की ती बोटांवर हिशेब करायची, हे पोर पहिलीत कधी बसेल म्हणून.

आणि अशा या शाळेत तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत डेन्मार्कहून सात माणसं आली.

एका संस्थेमार्फत ती आली होती. मागास भागातली एखादी शाळा निवडायची, तीन आठवडे राहायचं, स्वतःच्या हातांनी काम करून ती सुधारायची, असा त्यांचा बेत. राहायला राजगडाच्या पायथ्याला, पालीत. रोज सकाळी जीपने यायची, ओढ्यापाशी उतरून चढून यायची. त्यांच्यात योहाना नावाची एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी पुढारी होती. उंच, तांबूस, आणि हसरी. पोरांना ते नाव जमेना. सगुणाबाईने पहिल्याच दिवशी तिची जनाबाई करून टाकली आणि तीही त्या नावाला ओ देऊ लागली. दुभाषी मी. माझं इंग्रजी बेताचं, पण वाडीत तेवढंही दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

योहानाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, शाळेला सगळ्यात जास्त गरज कशाची आहे? चांगला प्रश्न होता. अकरा वर्षांत मला तो कुणी विचारला नव्हता. माझी यादी तयार होती: ओढ्यावर साकव, म्हणजे पोरांना पलीकडे जाण्यापुरता छोटा पूल, नळाला पाणी, आणखी एक शिक्षक. मी तोंड उघडणार तोच सगुणाबाईने माझा पदर ओढला.

"पावन्याफुडं हात पसरू नगा, बाई," ती कुजबुजली. मग मोठ्याने, सगळ्यांकडे बघत म्हणाली, "आमाला काय बी कमी न्हाई. समदं हाय. तुमी आलासा ह्येच लई झालं."

मी तरीही साकवाचं आणि पाण्याचं सांगितलं. ते त्यांच्या योजनेत बसत नव्हतं. त्यांच्या योजनेत रंग, हात धुवायची जागा आणि घसरगुंडी होती. मला चीड आली, पण कुणाची ते ठरवता आलं नाही. ती माणसं मन लावून राबत होती. उन्हाने सोलून निघाली, तरी थांबेनात. बाहेरच्या भिंतीवर त्यांनी प्राणी काढले: जिराफ, हत्ती, आणि बर्फावर उभा असलेला एक पेंग्विन. हे काय पाखरू म्हणून पोरांनी विचारलं. मी सांगेपर्यंत सगुणाबाई म्हणाली, "वकील हाय त्यो. काळा कोट बगा की." तो शेवटपर्यंत वकीलच राहिला.

हात धुवायला चार तोट्यांची जागा बांधली, वर टाकी बसवली. टाकीत पाणी कुठून येणार हे कुणी विचारलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी मी तोटी फिरवली तर पाणी आलं. मी बघतच राहिले. सगुणाबाई पहाटेपासून झऱ्यावरून हंडे आणून टाकी भरत होती. पाहुण्यांनी तोटी सोडली आणि कोरडी निघाली तर वाडीची शोभा होईल, म्हणून. त्यानंतर ती माणसं होती तितके दिवस तिने रोज टाकी भरली. मी तिला चांगलं झापलं. "त्यांना कळू तरी द्या, पाणी नाही म्हणून!" ती म्हणाली, "कळून काय व्हनार? त्यास्नी वाईट वाटंल."

योहानाचा जीव शेफालीवर जडला. कुणाचाही जडला असता. दुसरीतली पोरगी, चौथीचं पुस्तक घडाघडा वाचायची. योहानाकडून तीन आठवड्यांत तिने डॅनिश गाणं उचललं आणि तिला ओव्या शिकवल्या. जायच्या दोन दिवस आधी योहाना मला म्हणाली, मला सगुणाबाईंशी बोलायचंय. तू सांग.

सगुणाबाई खिचडी ढवळत होती. योहाना उंबऱ्यावर बसली आणि सावकाश बोलू लागली, मला मराठीत करता यावं म्हणून. ही मुलगी फार हुशार आहे. नसरापुरात एक इंग्रजी शाळा आहे, तिथे राहायची सोय आहे. जूनपासून शेफालीला तिथे ठेवूया. बारावीपर्यंतची सगळी जबाबदारी माझी. हनुमंताशी मी संस्थेतल्या लोकांकरवी फोनवर बोलले आहे, तो तयार आहे. पण वाढवलंय तुम्ही. तुम्ही हो म्हणालात तरच.

मी एकेक वाक्य मराठीत करत होते आणि सगुणाबाईचा ढवळता हात सावकाश होत चालला होता. अकरा नावं होती. जूनमध्ये चौथीची दोन जाणार, पहिलीत एक येणार. राहिली दहा. त्यातलं दहावं नाव शेफालीचं. हा हिशेब मला येत होता आणि तिलाही येत होता. तो उंबऱ्यावर बसलेल्या योहानाला मात्र येत नव्हता.

"जेवायला काय आसतं तितं?" सगुणाबाईने विचारलं.

मी विचारून सांगितलं.

"दूद देत्यात?"

देतात, म्हटलं.

तिने खिचडी एकदा तळापासून ढवळली. मग पळी पातेल्याच्या काठावर आपटून म्हणाली, "चालंल की."

आता हा शब्द इंग्रजीत कसा करायचा? आपल्याकडे मुलीला स्थळ आवडलं का असं विचारलं आणि ती लाजून खाली बघत राहिली तर आई खूष होते. पण ती 'चालेल' म्हणाली, तर शहाणी आई पाणी प्यायला म्हणून तिला आत नेते आणि पुन्हा विचारते. चालेल म्हणजे तुम्ही म्हणताय म्हणून. चालेल म्हणजे नाही म्हणायची सोय नाही म्हणून. घरी आलेल्या माणसाला, त्यातून सात समुद्र ओलांडून भिंत रंगवायला आलेल्या पोरीला, सगुणाबाई मेली तरी नाही म्हणाली नसती. मी हे जाणत होते. योहाना माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणाल्या?"

"येस," मी म्हटलं. "शी सेज येस."

मी असं का म्हटलं, ते इथे सांगूनच टाकते. एक तर पोरीचं भलं होईल असं मला खरंच वाटत होतं. दुसरं म्हणजे, उंबरमाळ बंद झाली तर मला रस्त्यावरची शाळा मिळाली असती, आणि अकरा पावसाळे तो चढ पायी चढून माझे गुडघे झिजले होते. तो विचार त्या क्षणी मनात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. तो आला होता.

योहानाने सगुणाबाईला मिठी मारली. सगुणाबाईच्या हातात पळी होती, ती तिने योहानाच्या कपड्यांना खिचडी लागू नये म्हणून लांब धरली.

जूनमध्ये मी शेफालीचा शाळा सोडल्याचा दाखला लिहिला, शिक्का मारला आणि हनुमंताच्या हातात दिला. ऑनलाइन यादीत तिचं नाव आमच्या शाळेतून निघून नसरापुरात गेलं. सगुणाबाई त्या दिवशी कामावर आली, सगळं केलं, आणि खिचडी उरली. कितीजणांची करायची हे इतक्या वर्षांत तिचं पहिल्यांदाच चुकलं होतं.

सप्टेंबरात केंद्रप्रमुखांचा फोन आला. "बाई, तुमचे नऊ दिसतायत. तीस तारखेचा पट धरणार आहेत. काहीतरी करा." माणूस चांगला होता, पण त्याच्याही हातात काही नव्हतं. मी आणि सगुणाबाईने वाडीतलं घर न् घर धुंडाळलं. कोंडिबांचा नातू होता, पण तो साडेचार वर्षांचा. खालच्या वस्तीवर एक बाई माहेरी आली होती, पोराला घेऊन. दोन दिवस आम्ही तिची मनधरणी केली. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. वाडीतल्या दोघी बायका पुण्यातल्या सुनांना फोन करून करून थकल्या. गणपतीला सगळे आले होते, पोरं शाळेच्या घसरगुंडीवर दिवसभर खेळली, आणि विसर्जन झाल्यावर टेम्पोत बसून निघून गेली.

"शेफीचं नाव परत घाला की पटावर," सगुणाबाई म्हणाली. "पोरगी ऱ्हाऊ दे तितंच. नाव तेवडं हितं."

मी तिला समजावलं. आता नाव कागदावर नसतं, कम्प्युटरवर असतं, आणि एक नाव एकाच ठिकाणी राहतं. पोरगी इथे आली तरच नाव इथे येईल.

तिने पुन्हा एकदा बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "मंग पोरीलाच आनू."

सत्तावीस तारखेला आम्ही दोघी निघालो. मार्गासनीवरून एसटीने नसरापूर. सगुणाबाईने नवं लुगडं नेसलं होतं आणि काखेत दोन पिशव्या होत्या. एकीत शेंगदाण्याचे लाडू, दुसरी रिकामी. रिकामी पिशवी शेफालीच्या कपड्यांसाठी. गाडीत ती एकदाच बोलली. "दोनच वर्सं, बाई. चौतीपत्तूर. मंग न्हेऊन घालू तिला माघारी. घेतील न्हवं?" घेतील, मी म्हटलं. घेतील की नाही हे मला माहीत नव्हतं.

शाळेच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर आम्हाला बसवलं. थोड्या वेळाने शेफाली आली. आमच्याकडे धावत यायची ती आता चालत आली. गळ्यात टाय, पायांत काळे बूट, केस कानापर्यंत कापलेले. आजीला बघून तोंडभर हसली, मिठी मारली, पण लगेच बाजूला सरून सरळ उभी राहिली. तिथे तसं उभं राहायला शिकवत असावेत. मग बोलायला लागली, आणि थांबेना. स्नेहसंमेलनात नाचात घेतलंय. मैत्रीण आहे एक, तिचं नाव सानिका, ती कोल्हापूरची. इंग्रजीत पहिल्यांदा काही यायचं नाही, रडायला यायचं, आता येतं. वही आणून दाखवली. सगुणाबाईने वही दोन्ही हातांत धरली, उलटी-सुलटी केली. खिडकीतून शिकलेली तिची अक्षरं या वहीत कुठेच नव्हती.

वही परत घेताना शेफालीचं लक्ष रिकाम्या पिशवीकडे गेलं. पोरगी हुशार, हे मी आधीच सांगितलंय.

"आज्जी, मला न्यायला आलीस?"

सगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. "येतीस का?" तिने विचारलं. "आपली शाळा बंद पडाया लागलीया. तू आलीस तर ऱ्हाईल."

शेफालीने बुटाच्या टोकांकडे पाहिलं. ती रडली नाही, हट्ट केला नाही. आजीला नाही म्हणायची रीत आमच्या वाडीत कुणी तिला शिकवली नव्हती. आत कुठल्यातरी वर्गात मुलं एका सुरात पाढे म्हणत होती.

"चालेल," ती म्हणाली.

सगुणाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने रिकामी पिशवी उचलली, मांडीवर ठेवून घडी घातली, अजून एक घडी घातली, आणि कमरेला खोचली.

"येडी का काय," ती म्हणाली. "आगं, लाडू द्याया आले व्हते. घे. त्या मैतरनीला बी दे."

शेफालीने इतका मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. लाडू घेऊन ती परत गेली ती मात्र धावत.

मी भडकले. बाहेर रस्त्यावर आल्या आल्या मी म्हटलं, "सगुणाबाई, अहो, ती हो म्हणाली होती! आणायची होती ना! आता नऊच राहिले. आता मी काय करू?" रस्त्यावर एवढ्या मोठ्याने बोलू नये हेही मला सुचलं नाही. शेअर रिक्षावाले बघायला लागले.

ती म्हणाली, "न्हाई म्हनाली ती, बाई."

आम्ही स्टँडवर येऊन बसलो. वेल्ह्याची गाडी यायला वेळ होता. वाटेसाठी बाजूला बांधून ठेवलेल्या लाडवांतला एक तिने मला दिला, एक स्वतः घेतला, पण खाल्ला नाही. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाई, त्या येळंला म्या जनाबाईला चालंल म्हनले, तवा तुमी तिला काय सांगितलं व्हतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिला इंग्रजी येत नाही, योहाना तिथे नव्हती. पण माझ्या तोंडातून खरंच निघालं. "हो, असं सांगितलं."

तिने मान हलवली. "मंग तिचा काय दोस न्हाई," ती म्हणाली.

एवढंच. मला ती काही बोलली नाही. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या, मिठाच्या वेळी बोलली होती तसं तोंडावर फेकलं असतं, तर बरं झालं असतं. मी माफी मागायला गेले तर म्हणाली, "गाडी आली, उटा."

तीस तारखेला पट नऊचाच लागला. मी योहानाला सगळं लिहिलं. तोडकंमोडकं, पण काही लपवलं नाही, तो 'येस'सुद्धा. तिचा त्याच दिवशी व्हिडिओ कॉल आला. ती रडत होती, मी कुणाला लिहू म्हणून विचारत होती. तिने कचेरीला दोन पानी पत्र पाठवलं, सोबत रंगवलेल्या भिंतींचे फोटो. कचेरीतून तिला पोच मिळाली. मला साहेबांनी बोलावून घेतलं आणि फोटो बघून म्हणाले, "इतकी चांगली शाळा आहे हो, वाईट वाटतं." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. सगुणाबाई माझ्यासोबत आली होती. ती त्यांना म्हणाली, "साह्येब, ही बारकी पोरं पावसात वड्यातनं कशी जातील?" साहेबांनी ते एका कागदावर लिहून घेतलं.

आदेश एप्रिलमध्ये आला.

एक मेला निकाल असतो. सकाळी आम्ही झेंडा लावला, नऊ पोरांनी राज्यगीत म्हटलं. केंद्रप्रमुख आले होते. त्यांनी हजेरी, जनरल रजिस्टर, शिक्के, कपाटाची किल्ली असं सगळं यादी करून ताब्यात घेतलं आणि दुपारच्या आत खाली गेले. त्याआधी मी नऊ दाखले लिहून, शिक्के मारून तयार ठेवले होते. प्रत्येक दाखल्यात एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. नऊ वेळा मी 'समायोजन' लिहिलं. पालक आले, दाखले घेऊन गेले. कुणी भांडलं नाही. कोंडिबा भिंतीवरच्या वकिलाजवळ जरा वेळ उभे राहिले आणि गेले.

सगुणाबाई आतली भांडी घासून पालथी घालत होती. तीही जमा करायची होती. हात पुसत ती वर्गात आली आणि माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"समद्यास्नी दिलासा दाखला?"

"दिला."

"मला बी द्या की एक."

मी हसले. मला वाटलं गंमत करतेय. ती हसली नाही. पोरं उभी राहायची तशी टेबलाच्या कोपऱ्यावर बोटं टेकवून उभी होती.

"सगुणाबाई, तुमचं नाव पटावर नाही ना," मी म्हटलं. "तुम्हाला दाखला कसा देणार?"

"आवो, किती वर्सं हाय हितं म्या. कुनीबी यवडी वर्सं न्हाई बसलं ह्या शाळंत. पयली किती येळा झाली माजी, तुमीच मोजा."

एक कोरा दाखला उरला होता. मी तो ओढला. पेन उघडलं. विद्यार्थ्याचे नाव: सगुणा. तिने वडिलांचं नाव सांगितलं, ते लिहिलं. जन्मतारीख तिला माहीत नव्हती. तिथे रेघ मारली. रजिस्टर क्रमांक नव्हताच. इयत्ता, तिने सांगितल्याप्रमाणे, पहिली. प्रगती, वर्तणूक, दोन्हींपुढे 'चांगली' लिहिलं. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यापाशी आल्यावर मला पुढे काही लिहिता येईना. नऊ वेळा लिहिलेला शब्द इथे लिहायला हात धजत नव्हता, आणि दुसरा कुठला लिहायचा तो मला माहीत होता: माझा तो 'येस'. मी लिहिला नाही. तो रकाना मी तसाच सोडला आणि खाली सही केली.

तिने कागद घेतला, दारातल्या उजेडात नेला. एकेक अक्षर बोटाने जोडत आपलं नाव वाचलं. मग बोट खाली खाली आलं आणि सहीपाशी थांबलं.

"ह्यावर गोल न्हाई बसला, बाई."

"शिक्का जमा केला. सकाळीच नेला त्यांनी."

"बाकीच्यांच्या दाखल्यावर हाय की."

"त्यांचे आधी मारले होते."

तिने पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. रागावली नाही. परत येऊन तो तिने माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर खडूची डबी ठेवली.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि भांडी मोजून द्यायला आत गेली.